सब्र म्हणजे मुकाट सोसणं नव्हे

अप्लास्टिक अॅनिमियाचं निदान होऊन मला चार वर्षं झाली. या काळात माझ्या कमरेच्या हाडात पाच वेळा बायोप्सीची सुई गेली. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, "थोडंसंच दुखेल." बाहेर बसलेल्या खाला म्हणाल्या, "बेटा, सब्र कर." दोघांचा हेतू चांगला होता. पण मला ऐकू आलं ते एकच: ओरडू नकोस.

या आजारात हाडातली मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही. उपचार लागू पडतोय का, पेशींत नवा बिघाड शिरतोय का, हे नुसत्या रक्त तपासणीत दर वेळी कळत नाही. म्हणून बायोप्सी पुन्हा करावी लागते. भुलीचं इंजेक्शन कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतं, पण मज्जेपर्यंत ती भूल पोहोचत नाही. सिरिंजने मज्जा ओढतात तेव्हा काही सेकंद जीवघेणी कळ येते, थेट पायात उतरते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी परीक्षा असल्याचं खोटं सांगून मी तारीख चुकवली. सब्राच्या नावाने गप्प बसवलेलं माणूस असंच करतं. ते रडत नाही, पळ काढतं. आणि या आजारात तपासणी टाळणं जिवावर बेतू शकतं.

हजरत अय्यूब (अ.) यांच्या सब्राची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण सूरह अल्-अंबियामध्ये हेच अय्यूब अल्लाहला हाक मारून आपला त्रास सांगतात, आणि सूरह सादमध्ये त्यांनाच सब्र करणारे म्हटलं आहे. म्हणजे दुःख बोलून दाखवल्याने सब्र तुटत नाही. इब्न सिनाने सुमारे हजार वर्षांपूर्वी 'अल्-कानून'मध्ये वेदना शमवणाऱ्या औषधांबद्दल लिहिलं. त्याचा अभिमान आपण स्टेटसला ठेवणार, आणि घरातल्या मुलीने वेदनाशामक मागितलं की तिला नाजूक म्हणणार?

कोणी म्हणेल, दवाखान्यात एवढी गर्दी, डॉक्टरांना वेळ कुठे आहे? खरं आहे. पण भूल चढेपर्यंत काही मिनिटं थांबायला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती मिळणं, संमती विचारली जाणं, पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असणं, हे सगळं त्यात हक्क म्हणून लिहिलंय. लाजेपोटी तपासणी नाकारणाऱ्या मुलींनी हे वाचायलाच हवं.

तेव्हा भावांनो, बहिणींनो, विचारा. ही बायोप्सी आत्ता कशासाठी? निकालाने उपचारात काय बदलेल? आधी वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध देता येईल का? प्लेटलेट्स कमी असतील तर अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि सोबत आलेल्यांनो, सब्राचा उपदेश करण्याआधी रुग्णाच्या वतीने हे प्रश्न तुम्ही विचारा.

पाचव्या वेळी मी हे सगळं विचारलं. डॉक्टर भूल चढेपर्यंत थांबले, मज्जा ओढण्याआधी त्यांनी सांगितलं. खालांनी आत येऊन हात धरला. दुखलंच. मी ओरडले. आणि निघताना पुढची तारीख लिहून घेतली.