शंभर टक्के निकाल आणि एक मेंढरू

दहावीचा निकाल लागला की आपल्या बहुतेक शाळांच्या फाटकावर एक फलक झळकतो : ‘निकाल शंभर टक्के’. फलकाखाली छायाचित्रे निघतात, पेढे वाटले जातात, रविवारच्या मिस्सानंतर शाळेचे अभिनंदन होते. पुढे महिन्या-दोन महिन्यांत पालकसभा भरते आणि त्या सभेत कोणीतरी उठून हमखास विचारतो, “फादर, कॅथोलिक शाळेत शिकूनसुद्धा आमची मुले देवळापासून दूर का जातात? धर्मशिक्षणाच्या तासिका वाढवा ना!”

वाचकहो, तो फलक आणि हा प्रश्न यांचे जवळचे नाते आहे, असे मी म्हटले तर कदाचित आपणांस राग येईल. तरीही ते मला म्हटलेच पाहिजे. कारण त्या फलकाच्या पापात मीही वाटेकरी आहे.

काही वर्षांपूर्वी मी धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू आणि शाळेचा व्यवस्थापक अशा दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळत होतो. नववीतला एक मुलगा गणित आणि इंग्रजीत नापास झाला. त्याला वडील नव्हते. आई पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जात असे. घरी म्हातारी आजी. “हा दहावीत बसला तर निकाल खाली येईल. दाखला देऊ या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल,” असा सल्ला मला मिळाला आणि मी सही केली. दाखला न्यायला आजी आली. तिने वाद घातला नाही, रडली नाही. कागदाची घडी करता करता तिने एवढेच विचारले, “फादर, ह्याला पहिला कम्युनियन तुम्हीच दिला होता ना?”

त्याच आठवड्यात त्याच वर्गावर मी हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त शिकविला होता.

त्या दृष्टान्तातला मेंढपाळ एका मेंढरासाठी नव्याण्णव मेंढरे रानात सोडून जातो. आम्ही शंभराचा आकडा राखण्यासाठी त्या एकालाच कळपाबाहेर काढतो! संत मत्तयच्या शुभवर्तमानात हा दृष्टान्त अठराव्या अध्यायात येतो. त्याच अध्यायाच्या आरंभी प्रभू येशू एका बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो आणि लहानग्यांना अडखळविणाऱ्यांना अत्यंत कठोर शब्दांत इशारा देतो. आम्ही मध्यभागी निकालपत्रक ठेवले आणि बालकाला फाटकाबाहेर उभे केले.

श्रद्धा ही तासिका नव्हे. आठवड्यातून दोन वेळा कॅथोलिक मुले धर्मशिक्षणाला आणि इतर मुले मूल्यशिक्षणाला बसली की शाळेचे कर्तव्य संपते, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. धर्मशिक्षण हवेच, ते नेमस्त आणि नीट तयारी करून दिलेले हवे. परंतु शाळेची इमारतही शिकवीत असते. शुल्क थकलेल्या मुलाला वर्गात उभे केले जाते तेव्हा ती शिकविते. शिपायाला कोण कोणत्या शब्दांत हाक मारतो, त्यातून ती शिकविते. बाकावरचा सोबती गुणांपायी नाहीसा होतो तेव्हा उरलेल्या एकोणचाळीस मुलांना जो धडा मिळतो, तो पुसून टाकण्याचे सामर्थ्य कोणत्याही तासिकेत नाही.

“स्पर्धेच्या युगात निकाल घसरला तर पटसंख्या घटेल, तुकड्या तुटतील, शिक्षक अतिरिक्त ठरतील,” असे व्यवस्थापक म्हणतात. ही भीती खोटी नाही. मी ती अनुभवली आहे. पण मग आपण शाळा काढल्या कशासाठी? राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला, तो काय गुणवत्तायादीसाठी? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसिद्ध केले. ऐहिक संपत्तीने दरिद्री, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेली आणि श्रद्धेचे दान न लाभलेली अशा मुलांची काळजी आपल्या शाळांनी विशेषत्वाने घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गुणवंतांचा त्या यादीत उल्लेख नाही.

आणखी एक गोष्ट. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवाव्यात, असे बंधन त्यात होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. आपण सुटकेचा निःश्वास टाकला. तो निकाल उद्या राहो वा जावो. कायद्याने जे आपल्यावर लादले नाही, ते शुभवर्तमानाने लादलेले आहे, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना झाली?

आता पालकांशी दोन शब्द. मघाच्या घोषणापत्रानेच आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. तरीही रविवारी सकाळी धर्मशिक्षणाचा वर्ग आणि खासगी शिकवणी एकाच वेळी आली की कोणता वर्ग चुकतो, हे मला सांगायला लावू नका. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी घरात दूरदर्शन संच चालू असतो, प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, आणि मुलाच्या श्रद्धेची चौकशी मात्र शाळेच्या कार्यालयात होते! आणि प्रांजळपणे सांगा, ‘नापासांना काढा, आमच्या मुलांचा वर्ग मागे पडतो’ अशी कुजबुज पालकसभेतूनच उठत नाही काय? व्यवस्थापकाच्या सहीमागे पालकांचीही सही असते, ती फक्त दिसत नाही.

म्हणून माझी मागणी तासिका वाढविण्याची नाही. गुण कमी पडले म्हणून आपल्या शाळेने एकाही मुलाच्या हाती दाखला ठेवू नये. मग तो मुलगा कोणत्याही धर्माचा असो. शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांसाठी एक तास वर्ग उघडा ठेवावा आणि धर्मग्रामातील पदवीधर तरुण-तरुणींनी तेथे शिकवावे. ह्या एका तासात शिकविणारा आणि शिकणारा, दोघांचेही धर्मशिक्षण होईल. पालकांनी मुलाला देवळाच्या दारात सोडून माघारी न फिरता त्याच्या शेजारी बाकावर बसावे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, रिक्षा चालवितो. रस्त्यात भेटला की “कसे आहात, फादर?” म्हणून आदराने विचारतो. मिस्साला मात्र येत नाही. का येत नाही, असे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

उद्या एखाद्या शाळेच्या फाटकावर ‘निकाल अठ्ठ्याण्णव टक्के’ असा फलक लागला, तर त्या शाळेत जाऊन मी आनंदाने पेढा मागेन. उरलेल्या दोन टक्क्यांत खांद्यावर घेऊन परत आणलेले एखादे मेंढरू असेल, अशी मला आशा आहे.