भायल्यांवरचा राग

चिंताकी हे बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील गाव. त्या सीमाभागात कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. आणि कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून हैदराबाद, पुणे, मुंबई गाठणारेही पुष्कळ. त्या बाजूचा मजूर गोव्यात बांधकामावर आला की तो ‘घाटी’ ठरतो, मग घरी तो मराठी का बोलत असेना. गंमत अशी की, आपल्या जिल्ह्यात तोच ‘स्थानिक’ आहे. २०१२ साली संसदेने मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने बीदर-कलबुर्गी भागातील रहिवाशांसाठी नोकऱ्यांत व शिक्षणात राखीव जागांची तरतूद झाली. जुलै २०२४ मध्ये तर कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांतही स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगपतींनी गिल्ला करताच ते दोन-तीन दिवसांत बासनात गुंडाळले.

आपल्याकडे ‘भायल्यां’ना आवर घाला म्हणणाऱ्या रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला २०२२ च्या निवडणुकीत सांत आंद्रेची एकच जागा मिळाली; परंतु मते नऊ टक्क्यांहून अधिक पडली. या मतदारांना संकुचित म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही.

मुंबईच्या गिरणगावाचा दाखला या बाबतीत बोलका आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि ऐंशी टक्के नोकऱ्या मराठी माणसाला, ही तिची मागणी झाली. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीस त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. तरी निवडून आले ते सेनेचे वामनराव महाडिक, विधानसभेत पोहोचलेले सेनेचे पहिले आमदार. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात हे घडले कसे? युनियन पगारवाढीसाठी आणि बोनससाठी भांडत होती. पण मॅट्रिक झालेल्या मुलाला कचेरीतली नोकरी हवी होती आणि तो प्रश्न युनियनच्या कक्षेत बसत नव्हता. सेनेच्या शाखेने तो हाती घेतला. चाळीतल्या नळाच्या पाण्याचीही दाद तेथेच लागू लागली. हा कामगार स्वतः कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईत आलेला होता, हे त्याला कोणी आठवून दिले नाही! पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या हाकेसरशी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या बुडाल्या, त्या कोणा मद्रासी कारकुनामुळे वा उत्तरेकडील टॅक्सीवाल्यामुळे नव्हेत. मालकांना कापडापेक्षा जमीन किफायतशीर वाटू लागली होती.

गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांमागे बहुजन समाज उभा राहिला, तो केवळ विलीनीकरणासाठी नव्हे. पायाखालची जमीन आपली होईल, ही आशा त्यामागे होती. १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा झाला. तरी कित्येक मुंडकार आजही मामलेदाराच्या कचेरीत खेटे घालीत आहेत. २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवाले आणि बार्जवरचे खलाशी घरी बसले. उलट डोंगर आणि शेते यांचे बांधकामक्षेत्रात रूपांतर सोपे करणारे १७(२) कलम २०२३ साली नगरनियोजन कायद्यात तत्परतेने आले. हे रूपांतर चिंताकीच्या गवंड्याने केलेले नाही. तो तेथे भिंत बांधतो आणि पत्र्याच्या खोलीत राहतो. परंतु बेकार गोमंतकीय तरुणाच्या नजरेस रोज पडतो तो तोच. बंगल्याचा दिल्लीकर धनी वर्षातून आठ दिवस दिसतो.

ठेकेदार परप्रांतीय मजूर पसंत करतो, कारण तो कमी दामात राबतो आणि घरापासून दूर असल्याने तक्रार करीत नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्याने अशा मजुराला तेच काम करणाऱ्या इतरांइतके वेतन देण्याचे बंधन ठेकेदारावर घातले होते. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन झाला. हे बंधन बांधकामांवर कसोशीने पाळले गेले असते, तर गोमंतकीयाला डावलण्यात ठेकेदाराचा फायदा उरला नसता. आमच्या जुन्या पक्षांनी आणि कामगार संघटनांनी ठेकेदारांचे हजेरीपट कोणी, केव्हा तपासले, एवढे तरी येत्या अधिवेशनात सरकारकडून वदवून घ्यावे.