फवारणाऱ्याचा श्वास

शेतीविषयक संशोधनाचे मोजमाप आपल्याकडे आजवर एकरी उत्पन्नानेच होत आले आहे. हे माप किती अपुरे आहे, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली दाखवून दिले. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन त्या वर्षी तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; शेकडो रुग्णालयांत पडले. कपाशी पुरुषभर वाढलेली, त्यात पंपाचा बारीक फवारा मजुराच्याच नाकातोंडात जाई.

सारा दोष मजुराच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे. परंतु विदर्भाच्या उकाड्यात जो पोशाख तासभर अंगावर ठेववत नाही, तो हाती देऊन जबाबदारी संपते काय? मळणीयंत्रांत माणसांचे हात तुटू लागले, तेव्हा १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा करून यंत्र बनविणाऱ्यावरच बंधने घातली. तोच न्याय फवारणीच्या पंपास लागू झाला पाहिजे. बियाण्यांची परीक्षा घेणाऱ्या कृषी विद्यापीठांनी पंपाची व पोशाखाचीही परीक्षा भर उन्हात, उभ्या पिकात घ्यावी. तीत उतरेल तेच बाजारात यावे.

अधिक कापूस देणारे संशोधन आम्हांस हवेच आहे. पण तो पिकविणारा सायंकाळी धडधाकट घरी परतणे, ही त्याची पहिली कसोटी असावी.