वाईट माणूस बदलतो तेव्हा



पोर कॉमिक्स घेऊन बसले की घरातून एकच आवाज उठतो, "ठेव ते बाजूला, अभ्यासाचं पुस्तक घे." दिवसभर राबून आलेल्या आईबापांना पोराने शिकावे असे वाटणारच. पण ते पुस्तक हातातून काढून घेण्याआधी एक प्रश्न विचारून पाहा. "यातला वाईट माणूस कोण, आणि तो वाईट का झाला?" पोराने विचार करून उत्तर दिले, तर समजा की तोही एक अभ्यासच चालला आहे.

आज अशाच एका वाईट माणसाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव मॅग्नेटो. 'एक्स-मेन' या अमेरिकन कॉमिक्समधला हा खलनायक. पुढे त्यावर सिनेमेही निघाले, तेव्हा आपल्या पोरांना तो माहीत असण्याचा संभव आहे. लोखंडी वस्तू तो हात न लावता उचलतो, वाकवतो, फेकतो.

हे कॉमिक्स 1963 साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी सुरू केले. दोघेही अमेरिकेत येऊन राहिलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतले. गोष्ट अशी की, काही माणसे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन येतात. त्यांना म्युटंट म्हणतात. त्यांनी काही केलेले नसते, तरी केवळ जन्मावरून लोक त्यांना भितात आणि त्यांचा द्वेष करतात. जन्मावरून द्वेष म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

या म्युटंटांपुढे दोन वाटा आहेत. प्रोफेसर झेव्हियर म्हणतो, शाळा काढू, पोरांना घडवू, माणसांबरोबर राहू. मॅग्नेटो म्हणतो, ही माणसे आपल्याला जगू देणार नाहीत, म्हणून आपणच त्यांच्यावर राज्य करू. सुरुवातीच्या अंकांत मॅग्नेटो अगदी साचेबंद दुष्ट आहे. 1964 साली त्याने आपली टोळी जमवली आणि तिच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द घातला! आता सांगा, कोणता गुंड आपल्या टोळीला स्वतःहून दुष्ट म्हणवतो? जगातला प्रत्येक जुलमी आपण न्यायच करतो आहोत, असेच समजत असतो.

1975 पासून ख्रिस क्लेअरमाँट हा लेखक ही मालिका लिहू लागला. ऑक्टोबर 1981 च्या 150 व्या अंकात त्याने या खलनायकाला भूतकाळ दिला. मॅग्नेटो लहानपणी ऑशविट्झच्या छळछावणीत होता. ही छावणी मात्र कॉमिक्समधली कल्पना नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नाझींनी पोलंडमध्ये ती उभारली होती. तिथे सुमारे 11 लाख माणसे मारली गेली आणि त्यांतले सुमारे 10 लाख ज्यू होते. त्यांचा गुन्हा एकच, जन्म. मॅग्नेटोचे कुटुंब तिथेच संपले.

त्याच अंकात तो साऱ्या जगाला धमकी देतो की शस्त्रे टाका आणि सत्ता माझ्या हाती द्या. एक रशियन पाणबुडी त्याच्यावर क्षेपणास्त्रे सोडते. तो ती खलाशांसकट समुद्रात बुडवतो. नंतर किटी प्राइड ही तेरा-चौदा वर्षांची पोर त्याची यंत्रे मोडायला जाते. संतापाच्या भरात तो तिच्यावर प्रहार करतो आणि ती कोसळते. तेव्हा त्याला दिसते की हे तर लेकरू आहे. म्युटंट आहे, म्हणजे आपल्यातलेच आहे. ती मेली असे समजून तो तिला उचलून धरतो. ज्यांनी आपल्या घरच्यांना मारले त्यांच्यासारखेच आपण झालो, हे त्याला कळते. ती पोर वाचते, पण मॅग्नेटो लढाई सोडून निघून जातो.

एवढ्याने तो सुधारला का? नाही. डोळे उघडणे ही फक्त सुरुवात असते. 1982 साली आलेल्या एका मोठ्या चित्रकथेत तो एक्स-मेनच्या बाजूने उभा राहतो. तिथला खलनायक आहे धर्मग्रंथ हातात घेऊन म्युटंटांना मारा सांगणारा एक धर्मोपदेशक. पुढे डिसेंबर 1985 च्या 200 व्या अंकात पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे मॅग्नेटोवर खटला चालतो. बुडालेल्या पाणबुडीचा जाब त्याला विचारला जातो. त्याच अंकाच्या शेवटी मरणाच्या दारात असलेला झेव्हियर आपली शाळा सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. ज्याने एका पोरीवर हात उचलला होता, त्याने आता पोरांना शिकवायचे!

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. तो खटला पूर्ण होतच नाही. मध्येच हल्ला होतो, मारामारी सुरू होते आणि निकाल राहून जातो. बुडालेल्या खलाशांच्या बायकापोरांना न्याय मिळाला का, हे लेखक सांगत नाही. खलनायकाच्या दुःखावर पानेच्या पाने खर्च होतात आणि त्याने ज्यांना मारले ते बिननावाचे राहतात. पोरांना हे दाखवून दिले पाहिजे.

दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली पाहिजे. ज्याने सर्वांत जास्त सोसले आणि ज्याच्या रागाला खरे कारण आहे, त्यालाच खलनायक का केले? अन्यायाविरुद्ध चिडणे वाईट नाही. मॅग्नेटोचे चुकले ते असे की त्याचा राग अन्याय करणाऱ्यावरून घसरून जो समोर येईल त्याच्यावर गेला. हा फरक पोरांना लहानपणीच कळावा.

ही सारी गोष्ट वाचताना आपल्याला अंगुलीमाल आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्याची कथा घेतली आहे. तथागतांनी त्याला संघात घेतले, एवढे आपण पोरांना सांगतो आणि थांबतो. पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. भिक्षू झालेला अंगुलीमाल भिक्षेला गेला तेव्हा कोणी ढेकूळ मारले, कोणी काठी. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो परत आला. तथागतांनी त्याला सांगितले की हे सहन कर. आता मी भिक्षू झालो, मागचे विसरा, असे म्हणायची सोय त्याला नव्हती.

आपल्या वस्तीतही असा एखादा असतो. दारूपायी घर बुडवलेला, बायकोवर हात टाकलेला. आता त्याने दारू सोडलेली असते, सकाळी वेळेवर कामावर जातो. त्याच्याशी कसे वागायचे? त्याच्या दुःखाचे कारण समजून घ्यावे, पण कारण म्हणजे माफी नव्हे. माफी द्यायची की नाही, हे जिने मार खाल्ला तिने ठरवायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिच्यावर जोर करू नये. आणि त्यानेही माफी मागून झाली म्हणून रुसून बसू नये. रोज नीट वागत राहावे, हेच त्याचे काम.

आता मॅग्नेटोचे पुढे काय झाले? 1991 साली नव्या मालिकेच्या पहिल्याच अंकात तो पुन्हा एक्स-मेनचा शत्रू म्हणून उभा राहिला. त्या अंकाच्या 80 लाखांहून अधिक प्रती खपल्या. दर महिन्याला अंक विकायचा, तर लढायला कोणीतरी लागतोच. क्लेअरमाँटनेही त्यानंतर लवकरच ही मालिका सोडली. दहा वर्षे जपून वळवलेला माणूस धंद्याच्या सोयीसाठी मागे ओढला गेला.

आपल्याला काही दर महिन्याला अंक विकायचा नाही. म्हणून बदलू पाहणाऱ्या माणसाला त्याच्या जुन्या नावाने हाक मारून पुन्हा मागे ओढू नका. त्याच्या चुलीवर आज काय शिजते आहे, ते बघा. आणि पोराने पुढच्या वेळी कॉमिक्स उघडले, तर दहा मिनिटे त्याच्या शेजारी बसा.