निरोप बापाला, जाब आईला

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. पुण्याच्या ज्या वस्तीत आमचं केंद्र आहे तिथली एक बाई सकाळी अकराला दारात उभी राहिली. अकराला ती कधीच येत नाही. त्या वेळी ती तिसऱ्या घरची भांडी घासत असते. हातात एक चिठ्ठी होती. शेजारच्या मुलानं शाळेतून आणलेली, आणि त्यानं ती योगायोगानं हिच्याच हातात दिली होती.

"ताई, वाचा बरं काय लिवलंय ते."

छापील मजकूर होता, मधे तारीख आणि नाव पेनानं भरलेलं. आपला पाल्य गेले ३१ दिवस गैरहजर आहे, वारंवार कळवूनही आपण दखल घेतलेली नाही, तरी समक्ष भेटावे. (मुलगी असली तरी छापील कागदावर 'आपला पाल्य'च असतो.)

"एकतीस दिवस?" ती म्हणाली. "अवो, रोज डबा करून देते मी तिला."

मी तिच्याबरोबर शाळेत गेले. वर्गशिक्षिका काही वाईट बाई नव्हत्या. दोन वर्ग सांभाळत होत्या आणि टेबलावर मतदार यादीचे कागद पडले होते. त्यांनी मोबाईल काढून आम्हाला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. रोज साडेआठला संदेश: आज गैरहजर विद्यार्थी. त्यात रोज या मुलीचं नाव. संदेश पोचले होते, वाचलेही गेले होते. "आम्ही कळवलं नाही असं म्हणू नका," बाई म्हणाल्या. मग इतर चार-पाच पालक उभे असताना तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आई ना? पोरगी महिनाभर कुठं जाते एवढंही लक्ष नाही तुमचं?"

ती काही बोलली नाही. त्या फोनचा नंबर तिच्या नवऱ्याचा होता.

पुढचं संध्याकाळपर्यंत कळलं. नवऱ्याच्या बहिणीचं दुसरं बाळंतपण झालेलं. तिच्या दीड वर्षाच्या पहिल्या पोराला धरायला कुणी नाही. बापानं चौथीतल्या मुलीला सांगितलं, थोडे दिवस आत्याकडे जा, आईला बोलू नको, ती उगाच कटकट करेल. मुलगी रोज सातला दप्तर आणि डबा घेऊन निघायची, दोन गल्ल्या पलीकडे थांबायची, शाळा सुटायच्या वेळी परत यायची. बाप रोज साडेआठला संदेश वाचत होता. त्या रात्री घरात काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तिनं लिहू नका म्हणून सांगितलंय.

मैत्रिणींनो, या प्रकरणात शाळेनं नियमाप्रमाणे सगळं केलं. कळवलं, पुन्हा कळवलं, लेखी कळवलं. म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. चूक एखाद्या बेफिकीर शिक्षिकेची असती तर तक्रार करून मोकळी झाले असते. पण इथे व्यवस्था जशी चालायला हवी तशीच चालली आणि तरी ज्या बाईनं मुलीसाठी पहाटे डबा केला तिला एकतीस दिवस काही कळलं नाही. निरोप पुरुषाकडे गेला आणि जाब बाईकडे आला.

'पालक' हा शब्द आपण फार भोळेपणानं वापरतो. वाटतं त्यात आई-बाप दोघं आले. शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र पालक म्हणजे एक नाव, एक सही आणि एक मोबाईल नंबर. प्रवेश घेताना जो पुरुष सोबत येतो त्याचा. पालकसभेला बसायचं, गणवेश धुवायचा, उवा काढायच्या, अभ्यासाला बसवायचं, शाळेतून बोलावणं आलं की मान खाली घालून ऐकून घ्यायचं, हे सगळं आईचं. रजिस्टर बापाचं.

कायद्यातही हेच होतं. १९५६ च्या हिंदू अज्ञान पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक वडील, आणि 'त्यानंतर' आई. या 'त्यानंतर'चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच नाही, ते लक्ष घालत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सांगितलं. तोपर्यंत त्रेचाळीस वर्षं गेली होती. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. चांगलं झालं. पण ती मुलं पहिलीत यायला २०३० उजाडेल, आणि नावात आई आली म्हणून निरोप आईला जाईल असं थोडंच आहे!

आमच्याच वस्तीत एक परित्यक्ता आहे. नवरा सहा वर्षांपूर्वी दुसरीबरोबर निघून गेला. मोठ्या मुलाचा प्रवेश त्यानं घेतला होता, म्हणून धाकटीच्या अर्जावरही तोच नंबर उतरवला गेला. शाळेचे निरोप आजही कुठल्या तरी परगावात, मुलांची तोंडंही विसरलेल्या माणसाच्या खिशात वाजतात. नंबर बदलायला ती गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, अर्जावर पालकाची सही लागेल.

"मग मी कोन हाय?" असं तिनं विचारलं म्हणे. तिथे कुणी उत्तर दिलं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हेच शाळेचं दार झालं. त्या काळात त्याला पर्याय नव्हता, हे मान्य. पण शाळा उघडल्यावरही निरोप फोनमध्येच राहिले. आता फोन कुणाकडे असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. साधा फोन धरून. उरलेल्या सेहेचाळीस जणी कोण असतील? ज्यांच्या मुली शाळेतून सर्वात आधी गळतात, त्यातल्या बऱ्याच याच. शाळा त्यांना कळवते ते नवऱ्याच्या, दिराच्या, मोठ्या मुलाच्या परवानगीनं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: अहो, आया येतच नाहीत सभेला. कशा येतील? सभा शनिवारी अकरा वाजता. धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या बाईला त्या वेळी सभेला जायचं तर दोन घरी खाडा होतो. खाडा म्हणजे पैसे कापले जातात, वर मालकिणीचं बोलणं. म्हणजे मुलीची हजेरी कळावी म्हणून आईनं आपली गैरहजेरी लावून घ्यायची. आणि एवढं करून सभेत मिळतं काय? गणवेश नीट घाला, फी भरा, बँक खातं आधारशी जोडा, मुलांना वेळेवर पाठवा. पोरगी वर्गात बोलते का, कुणाशेजारी बसते, बेरीज येते का, जेवते का, रडते का, यातलं काही नाही.

आणि हे काही शिक्षकांनी मेहरबानी म्हणून करायचं काम नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं लिहिली आहेत. त्यात हेही आहे की शिक्षकानं पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाच्या उपस्थितीतली नियमितता, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर महत्त्वाची माहिती त्यांना द्यावी. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर त्या असतातही. इतिवृत्ताची वही मुलाबरोबर घरी येते, आई चुलीपुढे बसल्या बसल्या अंगठा देते, वही परत जाते. कोरम पूर्ण.

आता आमच्याबद्दल. समाजकार्याची पदवी घेताना फील्डवर्कला मला गळती झालेल्या मुलांची यादी दिली होती. घरोघरी जायचं, कारण विचारायचं, नोंद करायची. मी किती घरी 'आई उदासीन' असं लिहिलं ते मला आठवतही नाही. तेवीस-चोवीस वर्षांची होते, हातात वही होती, आणि समोरची बाई उत्तर देताना पोराला पाजत होती किंवा तांदूळ निवडत होती, म्हणून मला ती उदासीन वाटली. बापाला मी भेटलेही नाही, तो कामावर गेलेला असायचा. ज्या बाईला शाळेनं कधी काही सांगितलंच नाही तिच्या नावापुढे 'उदासीन' लिहिणारी मी कोण? त्या वह्या विभागाच्या कपाटात अजून असतील.

हजेरीपटात मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण होते. का, याचा रकाना मी पाहिलेल्या एकाही हजेरीपटात नव्हता. आयांना विचारा, त्या कारणं धडाधडा सांगतात. पाणी सकाळी येतं, रेशनची रांग, आईचं दुखणं, एकच गणवेश आणि तो वाळलाच नाही, मावशीचं बाळंतपण, धाकट्याला ताप. यातली बहुतेक घरकामाची आहेत, आणि ती मुलाच्या वाट्याला येत नाहीत. १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. मुलगी शाळेत आली तर रुपया. नाही आली तर ती कुठे होती, कुणाचं पोर तिच्या कडेवर होतं, हे विचारायला मात्र योजना नव्हती.

दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षिका महिन्यातून एकदा संध्याकाळी आठला वस्तीच्या समाजमंदिरात येऊन बसायच्या. सतरंजी आम्ही टाकायचो. पहिल्या खेपेला सात आया आल्या. बाईंनी एकेका मुलाबद्दल सांगितलं, आणि सुरुवात चुकांपासून केली नाही. तुमची गाणं छान म्हणते. तुमचा आता जोडाक्षरं वाचतो, पण वजाबाकीत हातचा घेताना अडतो. तुमची मंगळवारी येत नाही, का बरं? आई म्हणाली, मंगळवारी मी मार्केट यार्डात जाते, धाकटं तिच्यापाशी असतं. मग मंगळवारी धाकट्याला कुणी बघायचं ते तिथेच ठरलं, शेजारीण म्हणाली मी बघते. त्याला ना फोन लागला ना परिपत्रक.

चौथ्या महिन्यात तीसहून जास्त आया होत्या आणि आता त्या प्रश्न विचारू लागल्या होत्या. मुलींच्या संडासाला कडी का नाही? दोन वर्ग एकत्र का बसवता? खिचडीत परवा डाळ का नव्हती? मला वाटतं खरी अडचण इथेच आहे. आईला शाळेतलं सांगायचं म्हणजे तिचंही ऐकावं लागतं. ग्रुपवर फक्त शाळा बोलते, उत्तर देण्याची सोय बहुतेक ठिकाणी बंदच करून ठेवलेली असते. त्या बाईंची पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे बदली झाली. नव्या बाई आल्या नाहीत. त्यांनाही घर आहे, रात्री आठला त्यांचाही स्वयंपाक असतो, हे मी विसरत नाही. म्हणून हे काम शिक्षिकेच्या चांगुलपणावर न सोडता तिच्या कामाच्या वेळेत धरलं पाहिजे, आणि त्या बदल्यात तिच्यामागची मतदार यादी कमी केली पाहिजे.

एक धोकाही सांगते. आईला कळवा म्हणजे बापाला सोडा असं नव्हे. उद्या सगळे निरोप आईकडे जायला लागले आणि सगळा जाब तर तिच्याकडे आहेच, असं झालं तर आपण तिच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवली एवढंच होईल. निरोप दोघांना जावा, जाब दोघांना विचारावा. त्या एकतीस दिवसांबद्दल शाळेनं बापाला एकदाही बोलावलं नाही. मी दोनदा सुचवलं. "ते कामावर असतात ना," असं उत्तर मिळालं. आई कुठे असते?

ती मुलगी आता पाचवीत आहे. शाळेत जाते. बुडालेला भाग आमच्या केंद्रात संध्याकाळी भरून काढतोय, भागाकार अजून कच्चा आहे. आईनं साधा फोन घेतला आहे आणि रजिस्टरमध्ये तिचा नंबर चढवायला आम्हाला तीन खेपा घालाव्या लागल्या. चढला, पण दुसरा नंबर म्हणून. साडेआठचा संदेश अजून पहिल्यावरच जातो.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. तुमच्या भागातल्या शाळेत जा, अर्ज बघा, पालकाच्या नावापुढे कुणाचा नंबर लिहिला जातोय ते पाहा, आणि आईचा लिहायला सांगितल्यावर काय उत्तर मिळालं ते आम्हाला पत्रानं कळवा. पुढच्या अंकात ती उत्तरं एकत्र छापायची आहेत.