कावळा शिवला

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी ठाऊक आहे त्यांचे, ज्यांची ठाऊक नाही त्यांचे, आणि ज्यांचे नाव घेणारे मागे कोणीच उरले नाही अशांचेही स्मरण आज घरोघर होईल. खीर, वडे, आमसुलाची चटणी असे पान वाढून ते कौलांवर, गच्चीत किंवा परसातल्या भिंतीवर ठेवले जाईल. आणि एरवी ज्याला आपण काठी उगारून हुसकावून लावतो, त्याच पक्ष्याला घरातला कर्ता पुरुष हात जोडून, आर्जवाने हाक मारील.

दशक्रियेच्या दिवशी नदीच्या घाटावर जो कोणी उभा राहिला असेल, त्याला त्या आर्जवाचा अर्थ सांगावयास नको. पिंड मांडलेला असतो. पिंपळावर कावळे बसलेले असतात, पण एकही खाली उतरत नाही. घटका जातात. आप्तेष्ट एकमेकांकडे पाहतात, गेलेल्या जिवाची कोणती इच्छा मागे राहिली असेल ते आठवू लागतात, एकामागून एक वचने दिली जातात. आणि मग एखादा कावळा झेप घेतो, चोच लावतो, आणि कोणी तरी हलकेच म्हणते, 'शिवला!' सुतकातल्या घरालाही हायसे वाटावे, असे सामर्थ्य या तीन अक्षरांत आहे.

परंतु वाचकहो, हाच शब्द आपल्या घरांत दुसऱ्याही एका प्रसंगी उच्चारला जात आला आहे, आणि तो खालच्या आवाजात. घरच्या लेकीसुनेला मासिक धर्म आला, की 'तिला कावळा शिवला' असे म्हणावयाचे. मग तिचे ताट वेगळे, घोंगडी वेगळी, जागा मागच्या पडवीच्या कोपऱ्यात. पक्षी एकच, स्पर्श एकच. घाटावर ती मुक्तीची खूण ठरते आणि माजघरात विटाळाची. साठ वर्षांहून अधिक काळ हे दोन्ही शब्द आमच्या कानांवर पडत आले. पण ते एकच आहेत, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. ते आणून दिले एका मुलीच्या चित्रांनी.

आमच्या क्षेत्री, देवळाजवळच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, या पंधरवड्यात गावातल्याच एका तरुण मुलीने आपली बारा चित्रे मांडली. तिने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे. ही चित्रे नुसत्या रंगांची नव्हेत. आजीच्या विरलेल्या लुगड्याचे तुकडे, समईची काजळी, फुटक्या बांगड्यांच्या काचा, हळदकुंकू, जुन्या पंचांगाची पाने, घुणा लागलेले एक सूप अशा नाना वस्तू एकत्र चिकटवून, शिवून ती सिद्ध झालेली. अशा कलेस मिश्रमाध्यम म्हणतात, असे तिने आम्हांस सांगितले. प्रत्येक चित्रात एक स्त्री आहे आणि प्रत्येक चित्रात कावळा आहे.

गावात कुरबूर सुरू झाली. ऐन पितृपंधरवड्यात ही अभद्र चित्रे कशाला, आणि त्यांत बायकांच्या झाकून ठेवावयाच्या गोष्टी कशाला, असे काहींचे म्हणणे पडले. 'बुवा, तुम्ही कीर्तनात दोन शब्द बोला,' असा निरोप आम्हांस आला. न पाहता बोलणे बरे नव्हे, म्हणून आम्ही आधी पाहावयास गेलो.

पहिल्याच चित्रात पडवीचा कोपरा होता. घोंगडीवर एक बाई पाठमोरी बसलेली, तिच्यापुढे ताट, आणि त्याच ताटातून तिच्याबरोबर जेवणारा एक कावळा. खाली अक्षरे होती : 'कावळा शिवला'. घरातली माणसे दूर सरली तेव्हा तो एकटाच तिच्या पंक्तीला येऊन बसला, असा त्याचा भाव. दुसऱ्या चित्रात काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेलेले आणि चिऊच्या मेणाच्या घराची कडी आतून लावलेली. आपल्यापैकी प्रत्येकाने आईच्या मांडीवर ऐकलेली ही पहिली गोष्ट. पण या चित्रात दाराबाहेर भिजत उभी आहे ती काळीसावळी मुलगी. मुलीने शांतपणे सांगितले, 'बुवा, लहानपणी मला घरात काऊच म्हणत. गोष्ट सांगणाऱ्याला ती चिऊची वाटे. मला माझी वाटे.'

शेवटच्या चित्रात काजळीने रंगविलेला मोठा कावळा होता आणि त्याच्या पोटाच्या जागी वीतभर आरसा बसविला होता, तोही अगदी खाली. 'पाहावयाचे तर वाकावे लागते,' ती म्हणाली. आमच्या देखत गावातली एक वृद्ध विधवा बाई तिथे वाकली. बराच वेळ तिने स्वतःला पाहिले. मग पदराच्या टोकाने आरसा पुसला आणि पुन्हा पाहिले.

कावळा हा चित्राचा विषय व्हावा, यात नवल काही नाही. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी आवडीने कावळ्यांची कितीतरी चित्रे काढली. आक्षेप होता तो अभद्रतेचा. तेव्हा आपल्या ग्रंथांचे म्हणणे काय आहे ते पाहू.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात मरुत्त राजाच्या यज्ञाची कथा आहे. यज्ञमंडपात रावण शिरला तेव्हा भयाने इंद्र मोर झाला, वरुण हंस झाला, कुबेर सरडा झाला आणि प्रत्यक्ष यमधर्माने कावळ्याच्या रूपाचा आश्रय घेतला. संकट टळल्यावर यमाने त्या जातीला वर दिला की, माझ्या लोकी जे क्षुधित आहेत ते तू तृप्त झालास म्हणजे तृप्त होतील. आज आपण जो काकबळी ठेवणार आहोत, त्याच्या पाठीशी ही कृतज्ञता आहे. ज्याच्या देहात धर्मराज लपला, त्या देहाला अभद्र कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

त्याहून मोठी कथा काकभुशुंडींची. तुलसीदासांच्या रामचरितमानसात लोमश ऋषी क्रोधाने त्यांना कावळा होण्याचा शाप देतात. भुशुंडी भीत नाहीत, रडत नाहीत, दीन होत नाहीत. वंदन करून उडून जातात. पुढे ऋषींना पश्चात्ताप होतो, ते राममंत्र देतात. वाटेल ते रूप घेण्याची शक्तीही भुशुंडींना मिळते. तरी ते कावळ्याचा देह टाकीत नाहीत. का? तर याच देहात मला रामभक्ती लाभली, म्हणून हाच मला प्रिय, असे ते गरुडाला सांगतात. पक्षिराज गरुड त्या कावळ्यापुढे शिष्य होऊन बसतो. प्रत्यक्ष महादेव हंसाचे रूप घेऊन कथा ऐकून जातात. लोकांनी ज्या रूपाला शाप मानले, त्या रूपाचा प्रसाद म्हणून स्वीकार करणे, ही भक्तीची फार वरची पायरी आहे. आरशापुढे वाकलेल्या त्या वृद्धेला पाहून आम्हांस ही कथा आठवली.

देवीच्या उपासनेतही कावळा आहे. दशमहाविद्यांपैकी धूमावतीच्या रथाच्या ध्वजेवर कावळा असतो आणि तिच्या हाती सूप असते. ती वृद्ध आहे, क्षुधित आहे, आणि विधवा आहे. जिला आपण हळदीकुंकवाला बोलावीत नाही, तिला आगमांनी महाविद्यांच्या पंक्तीत बसविले. दक्षिणेत पल्लव-चोलांच्या काळातील ज्येष्ठा देवीच्या शिल्पांतही तिच्याजवळ काकध्वज दिसतो. त्या ज्येष्ठेचा आणि आपल्या घरी नुकत्याच जेवून गेलेल्या ज्येष्ठा गौरीचा संबंध पंडित कसाही लावोत. नाव तर एकच आहे. आणि ज्ञानदेवांची विरहिणी आठवा. पंढरीरायाच्या भेटीचा शकुन ती कोणाला विचारते? अंगणाबाहेर ओरडणाऱ्या कावळ्यालाच. त्याचे पाय सोन्याने मढविण्याचे वचन ती त्याला देते.

आता त्या झाकून ठेवावयाच्या गोष्टीविषयी. तैत्तिरीय संहितेत कथा आहे की, विश्वरूपाच्या वधामुळे इंद्राला ब्रह्महत्या लागली. ते पातक ओंजळीत घेऊन तो वर्षभर हिंडला. अखेर त्याचा तिसरा हिस्सा पृथ्वीने घेतला, तिसरा वृक्षांनी आणि तिसरा स्त्रियांनी. आणि त्याबदल्यात प्रत्येकीला वर मिळाला. स्त्रियांना मिळाला तो संततीचा. त्याच स्थळी रजस्वलेने पाळावयाचे नियमही सांगितले आहेत, हे आम्ही लपवीत नाही. पण कथेचे मर्म पाहा. भार इंद्राचा होता. तो स्त्रीने आपल्या अंगावर घेतला. जी पृथ्वी हा भार घेते तिला आपण पाय लावण्यापूर्वी क्षमा मागतो, जो वृक्ष घेतो त्याला प्रदक्षिणा घालतो. मग जी स्त्री घेते तिलाच कोपरा का? देवांच्या राजाचा भार वाहणारी ती उपकारकर्ती ठरते. आसामात कामाख्येच्या मंदिरात देवीच्या रजस्वला होण्याचा अंबुबाची उत्सव होतो. तीन दिवस द्वार बंद राहते आणि मग दर्शनाला यात्रा लोटते. आणि आपल्या संत सोयराबाईंनी तर अभंगातून विचारलेच आहे की, विटाळ देहातच उपजतो, तर त्यावाचून जन्मलेला देह कोणता? या प्रश्नाला उत्तर देणारा शास्त्री आम्हांस अजून भेटलेला नाही.

इथवर ग्रंथांचे झाले. आता आमच्या पदरचे सांगणे भाग आहे. वधूपरीक्षेचा एक विनोदी प्रसंग आम्ही उत्तररंगात कित्येक वर्षे सांगत आलो. त्यात काळ्या मुलीला 'कावळी' म्हटले की मंडपात हशा पिकत असे. ती चित्रकार मुलगी त्या काळी आजीबरोबर कीर्तनाला येऊन पुढेच बसत असे. तिने आम्हांस त्याची आठवण दिली नाही. काऊच्या चित्रापुढे ती आम्हांस आपोआप झाली. तो प्रसंग आता आमच्या कीर्तनात येणार नाही.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. आमच्या मातोश्री गेल्या तेव्हा दहाव्या दिवशी घाटावर येण्याचा हट्ट आमच्या थोरल्या भगिनीने, अक्काने, धरला होता, आणि वडिलांनी तो मान्यही केला होता. परंतु त्याच पहाटे ती बाजूला बसली. घाटावर कावळा शिवेना. कीर्तनाची परंपरा चालवीन म्हणालो, वडिलांना अंतर देणार नाही म्हणालो. एकही कावळा हलला नाही. तेव्हा काका म्हणाले, 'अरे, मुलीचे नाव घे.' आम्ही म्हणालो, 'आई, अक्काचे माहेर तुटू देणार नाही.' आणि कावळा उतरला. त्याला योगायोग म्हणावे की मातोश्रींची इच्छा, हे ज्याचे त्याने ठरवावे. घरी येऊन आम्ही पडवीच्या उंबऱ्याशी उभे राहून दुरूनच सांगितले, 'अक्का, शिवला.' ती म्हणाली, 'आईला शिवला तर तुमचा सगळ्यांचा जीव खाली पडला. मला शिवला, म्हणून मी इथे.' त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. शास्त्र शिकलेला भाऊ गप्प उभा राहिला आणि निघून गेला.

धर्म मोडावा असे आमचे म्हणणे नाही. त्या दिवसांत स्त्रीला विश्रांती हवी, ती घरच्यांनी आनंदाने द्यावी. पण विश्रांतीबरोबर अवहेलना वाढू नये. रीती बदलतात, आणि त्या बदलताना धर्म बुडत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकविले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. या मंडळींनी कोणाचीही श्रद्धा मोडली नाही.

म्हणून आज भाविक घरांना इतकीच विनंती आहे. श्राद्धात आपण पित्याच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी आणि पणजी यांनाही पिंड देतो. त्यांची नावे घेताना एक क्षण आठवावे की, त्या प्रत्येकीने आयुष्यातली कितीतरी वर्षे, महिन्यामागून महिना, तो कोपरा सोसला होता. 'कावळा शिवला' हा शब्द पुन्हा वापरावयाचाच तर घाटावरच्या अर्थाने वापरावा. घरात विधवा आई, काकू, वहिनी असेल तर उद्या घटस्थापनेच्या वेळी तिला मागे बसवू नये. ज्या शक्तीची आपण स्थापना करणार आहोत, तिच्याच एका रूपाच्या ध्वजेवर कावळा आहे.

त्या मुलीची चित्रे दसऱ्यापर्यंत ओसरीवर राहणार आहेत. आमच्याकडून जे दोन शब्द हवे होते ते आम्ही एकादशीच्या कीर्तनात बोललो, आणि ते हेच होते.

अक्का काल सायंकाळी माहेरी आली आहे. आज आमच्या घरचे पान कौलांवर ती ठेवील आणि हाकही तीच मारील.