सवच्या कुंडाकडे अभ्यासकाने कधी पाहावयाचे?

दासगावच्या परिसरातील सव येथील ऊन पाण्याची कुंडे पंचक्रोशीला ठाऊक आहेत ती त्वचारोग व संधिवात यांवरील उताऱ्यासाठी. पालीजवळचे उन्हेरे, राजापूरजवळचे उन्हाळे, रत्नागिरी जिल्ह्यातील सुमारे ७० अंशांचे उन्हवरे, ही सारी नावेच मुळी उष्णतेवरून पडली. येथे ज्वालामुखी नाही. भेगांवाटे खोल गेलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते. या पाण्यात माणसे बुडी मारतात. त्यात राहते कोण, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही.

सजीवांचा एक संपूर्ण वर्ग आपल्या नजरेतून निसटला होता, हे कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. जीवाणूंसारखे दिसणारे, पण कुळाने निराळे असे हे आर्किया. उकळत्या झऱ्यांत व मिठागरांत ते सुखाने नांदतात, आणि तेथेही विषाणू त्यांची पाठ सोडीत नाहीत. पेशीबाहेर विषाणू निर्जीव कणासारखा पडून असतो असे आपण वर्गात शिकवितो. इटलीतील पोत्सुओली येथील आम्लधर्मी झऱ्यात सापडलेल्या एका विषाणूने २००५ मध्ये या धड्याला छेद दिला. पेशीतून तो लिंबाच्या आकाराने बाहेर पडतो आणि नंतर, कोणत्याही पेशीच्या साहाय्याविना, केवळ झऱ्याच्या प्रखर उष्णतेत त्याला दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात!

हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. २०२० च्या अनुभवानंतर हा शब्द ऐकताच दचकणाऱ्यांसाठी एवढे सांगणे अवश्य आहे.

पण मग त्यांच्या मागे लागण्याचे प्रयोजन काय? स्पेनमधील सांता पोला येथील मिठागरातल्या आर्कियांचा अभ्यास करताना फ्रान्सिस्को मोहिका यांना त्यांच्या जनुकद्रव्यात एक विचित्र पुनरावृत्ती आढळली. १९९३ मध्ये त्यांनी ती नोंदविली. त्या पुनरावृत्तीच्या मधले तुकडे पूर्वी हल्ला करून गेलेल्या विषाणूंचे आहेत, सावकाराने वहीत ऋणको टिपून ठेवावेत तशी ही शत्रूंची टाचणे आहेत, हे उमगण्यास २००५ साल उजाडले. जीवाणूंमधील अशाच यंत्रणेपासून जनुके कापण्याचे साधन घडविल्याबद्दल शार्पांतिए व डाउडना यांना २०२० चे नोबेल मिळाले. आणि २०२३ च्या अखेरीस त्याच साधनावर आधारलेल्या सिकलसेलवरील उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. नंदुरबार व गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांना हा आजार पिढ्यान्‌पिढ्या छळतो आहे. उपचाराची किंमत कोट्यवधींत असल्याने तो त्यांच्यापर्यंत केव्हा पोहोचेल, हा निराळा व कटू विषय. पण मिठागरातला तो निरुद्योगी वाटणारा अभ्यास निरुपयोगी होता, असे आता कोणी म्हणू नये.

सवचे पाणी आम्लधर्मी नाही, ते उकळतही नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. पोत्सुओलीचा विषाणू येथे सापडावयाचा नाही. पण म्हणूनच येथले जीवजंतू येथलेच असणार, आणि ते दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात वाचून कळणार नाहीत. लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय आर्कियांत दाखविले. प्रत्येक पाणी असे रंग बदलून आपल्याला हाक मारील, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

काम फार खर्चाचेही नाही. महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह दरमहा तापमान व आम्लता नोंदवावी, नमुने पुण्याच्या प्रयोगशाळांकडे धाडावेत. ग्रामपंचायतीने उगमाचे एक तोंड तरी फरशी, सिमेंट व साबण यांपासून मुक्त ठेवावे. पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो, म्हणून पहिली नोंद त्यापूर्वीची असलेली बरी.